मुद्दुपळनीचा प्रकाशक
लेखमाला : जाळे आणि कायदा (लेखांक ५)

मागच्या आठवड्यात आपण मध्यस्थाची जबाबदारी पाहिली. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी संकेतस्थळाला केव्हा धरता येते आणि केव्हा नाही, हा तो प्रश्न. धंदा करणाऱ्या बायकांच्या वाट्याला यातून काय आले, ते आज पाहू. त्यासाठी आधी तंजावरला जावे लागेल. बाईचे म्हणणे बंद करायचे तर बाईला सोडून तिचे पुस्तक विकणाऱ्याला गाठायचे, हा प्रयोग तिथल्या एका काव्यावर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाला आहे.

तंजावरच्या गादीवर १७३९ ते १७६३ या काळात प्रतापसिंह भोसले होते. व्यंकोजीराजांचे हे घराणे मराठी, पण दरबारी काव्याची भाषा नायक राजांपासून तेलुगू चालत आलेली. भोसल्यांनीही ती जपली. या दरबारातल्या मुद्दुपळनी नावाच्या गणिकेने ५८४ पद्यांचे ‘राधिका सांत्वनम्’ रचले. राधा इळा नावाच्या मुलीला लहानाची मोठी करते, तिचे लग्न कृष्णाशी लावून देते, पहिल्या रात्री काय करायचे तेही शिकवते आणि मग स्वतःच मत्सराने होरपळते. शेवटी कृष्णाला येऊन तिची समजूत काढावी लागते. प्रणयात पुढाकार राधेचा, आणि त्याबद्दल कवयित्रीला जराही संकोच नाही. प्रस्तावनेत ती आपल्या घरातल्या बायकांची परंपरा सांगते, स्वतःच्या विद्वत्तेचा तोराही मिरवते. १८८७ मध्ये काव्य छापून निघाले तेव्हा नेमकी ही प्रस्तावना गळली होती.

पुढे कंदुकूरी वीरेशलिंगम यांनी तेलुगू कवींची चरित्रे लिहिली. विधवाविवाहासाठी झगडलेला हा मोठा सुधारक. पण मुद्दुपळनीपाशी आल्यावर त्यांनी काव्य बाजूला ठेवून तिची जात काढली. अशी बाई असेच लिहिणार, आणि हे बायकांच्या कानांवर पडू नये, असा त्यांचा सूर. बेंगळूरू नागरत्नम्मा यांना ते झोंबले. त्या स्वतः देवदासी घराण्यातल्या, कर्नाटक संगीतातल्या नामवंत गायिका. तंजावरजवळ तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी आज ज्या रूपात उभी आहे, ती त्यांच्याच पैशांतून. त्यांनी मूळ हस्तलिखित मिळवले, गाळलेला भाग परत घातला आणि १९१० मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ रामस्वामी शास्त्रुलू अँड सन्सकडून संपूर्ण काव्य छापून घेतले. पुरुष कवींच्या तितक्याच उघड्या शृंगाराला, खुद्द वीरेशलिंगमांच्या पसंतीस उतरलेल्या काव्याला, हा न्याय का लागत नाही, असेही त्यांनी विचारले.

उत्तर पोलिसांकडून आले. १९११ मध्ये प्रती जप्त झाल्या. भारतीय दंडसंहितेचे कलम २९२ हे अश्लील पुस्तक विकणाऱ्याला, बाळगणाऱ्याला, फिरवणाऱ्याला धरत असे. कवयित्री दीडशे वर्षांपूर्वीची, तेव्हा तडाखा बसला प्रकाशकाला. पण वाविळ्ळ यांनी हात झटकले नाहीत. पंडितांच्या सह्या घेऊन ते सरकारशी भांडत राहिले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर टंगुटूरी प्रकाशम यांच्या सरकारने बंदी उठवली आणि १९५२ मध्ये याच संस्थेने काव्य पुन्हा छापले. त्याच वर्षी नागरत्नम्मा गेल्या.

कलम २९२ मात्र गेले नाही. ‘कामुक’ आणि ‘वासना चाळवणारे’ ही त्यातली मोजपट्टी २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ मध्ये जवळपास तशीच उतरली. शिक्षा पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम २९४ झाले आणि त्यात इलेक्ट्रॉनिक मजकूर नाव घेऊन घातला गेला. मध्यस्थाला धरण्याची सवयही टिकली. डिसेंबर २००४ मध्ये बाझी डॉट कॉमवर कुणीतरी एक आक्षेपार्ह चित्रफीत विकायला लावली, तर कंपनीच्या प्रमुखालाच अटक झाली. त्या प्रकरणानंतर कायद्यात दुरुस्ती होऊन मध्यस्थांचे संरक्षण वाढले, पण कंपन्यांच्या मनात भीती बसायची ती बसलीच.

ही भीती किती कामाची असते ते अमेरिकेने २०१८ मध्ये दाखवले. फोस्टा-सेस्टा या जोडकायद्याने वेश्याव्यवसायाला ‘चालना किंवा सोय’ करून देणाऱ्या संकेतस्थळाच्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. हेतू मानवी तस्करी रोखण्याचा. विधेयक मंजूर होताच, राष्ट्राध्यक्षांची सही व्हायच्या आधीच, क्रेग्जलिस्टने आपला वैयक्तिक जाहिरातींचा विभाग बंद केला. देहविक्रयाच्या जाहिरातींमुळे ज्या बॅकपेजवर सगळ्यांचा रोख होता, ते संकेतस्थळ सरकारने सहीच्या पाच दिवस आधी, जुन्याच कायद्यांच्या आधारे ताब्यात घेतले. मग नव्या कलमाची गरज कुणाला होती? अमेरिकी सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने २०२१ मध्ये सांगितले की तोवर हे कलम एकदाच वापरले गेले होते. खटला क्वचित, धाक मात्र रोजचा. त्यात बायकांच्या हातून गेले ते गिऱ्हाईक भेटण्याआधी पारखण्याचे साधन, मारझोड करणाऱ्याचा नंबर एकमेकींना कळवण्याची जागा. त्या रस्त्यावर आल्या, नाहीतर पुन्हा दलालाकडे गेल्या. क्रेग्जलिस्टच्या जागी वाविळ्ळ असते तर, असा विचार मनात येतो. पण ज्याच्या धंद्यात ही बाई म्हणजे एक कोपरा, त्याने तिच्यासाठी का भांडावे?

दुसरी बाजू तंजावरच्याच मुलखातून आली आहे आणि ती हलकी नाही. मूवलूर रामामिर्तम अम्माळ स्वतः देवदासी कुळातल्या. त्यांनी ही प्रथा मोडण्यासाठी आयुष्य वेचले आणि १९३६ मध्ये दासींच्या फसव्या जाळ्यावर कादंबरी लिहिली. प्रथाबंदीसाठी झटलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची आईही त्याच समाजातली. अजाण मुली देवाला वाहिल्या जात होत्या हे खोटे नव्हते. देवदासी संघटनेच्या वतीने नागरत्नम्मा बंदीच्या विरोधात उभ्या राहिल्या, तरी १९४७ चा मद्रासचा कायदा झालाच. मुलींचे वाहणे त्याने थांबवले ते योग्यच. पण देवळाच्या आवारात स्त्रीने नाचणेही त्याने गुन्हा ठरवले. फसवलेली मुलगी आणि जाणती कलावंतीण यांना एकाच कलमात बसवायचे, ही खोड तिथलीच.

आपल्या १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचे कलम ८ खिडकीत किंवा सज्जात बसून खुणावणाऱ्या बाईला शिक्षा देते. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे माडी होती, मोबाइल नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव करमास्कर प्रकरणात १९ मे २०२२ रोजी बजावले की स्वेच्छेने केलेला देहविक्रय बेकायदा नाही, कुंटणखाना चालवणे बेकायदा आहे. धाडीत बायकांना छळू नका, माध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये. सांगली-मिरज पट्ट्यातली वेश्या अन्याय मुक्ती परिषद १९९६ पासून हेच मांडत आली होती.

धाडीची चित्रफीत मोबाइलवरून फिरू लागली तर? २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अश्लील मजकुराला बंदी घातली, तसेच कुणाची नग्न किंवा खासगी छबी असल्याची तक्रार आल्यास ती (तेव्हाच्या मुदतीप्रमाणे) २४ तासांत हटवण्याचे बंधनही घातले. पहिल्या तरतुदीने तिचे खाते बंद होऊ शकते, दुसरीने तिला दाद मागता येते. दुसरी फारशी कुणाला ठाऊक नसते. तक्रार तिच्या वतीने दुसऱ्यालाही करता येते. तिचे नाव पुढे येऊ नये म्हणून संघटनांना वापरण्यासारखी एवढी एक फट त्या नियमांत आहे.