सागराच्या उदरातील अंगण

'सागर' या शब्दाची कथा मोठी अर्थपूर्ण आहे. सगरपुत्रांनी पृथ्वी खणली आणि त्या खळग्यात पुढे भगीरथाने आणलेली गंगा येऊन मिळाली, म्हणून तो सागर. आमच्या भंडारा जिल्ह्यास खारा समुद्र ठाऊक नाही. पूर्वी कोहळी बांधवांनी खोदलेले तलाव हेच आमचे समुद्र. त्यांत पवनीच्या वरच्या अंगाला, वैनगंगेवर, गोसीखुर्दच्या धरणाची भर पडली. दि. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. ३३ दरवाजांमागे अडलेल्या जलाशयास नाव मिळाले 'इंदिरासागर'. आमचे जन्मघर त्याच सागराच्या उदरात आहे.

यंदा दिवाळीच्या सुटीत मुले, सुना, नातवंडे पवनीस आली. सर्वांना घेऊन आम्ही त्या काठावर गेलो.

"आबा, आपलं घर कुठं आहे?" धाकट्या नातवाने विचारले.

आम्ही पाण्याकडे बोट केले. कवेलूंचे छप्पर, सारवलेली सपरी, धानाची कोठी, जिच्या सावलीत वडिलांनी आम्हांकडून अमरकोश घोकून घेतला ती चिंच, यांपैकी काहीच दिसत नव्हते. वरून ढिवरांचे डोंगे संथपणे चालले होते.

"सगळंच बुडालं का?" नातीने विचारले.

महाभारताच्या मौसलपर्वात द्वारका बुडते. अर्जुन स्त्रिया, बालके, वृद्ध यांस घेऊन निघतो आणि मागे सुटलेली नगरी समुद्र गिळतो. व्यासांची दृष्टी मात्र निघालेल्यांवर खिळलेली आहे. वाटेत आभीरांनी त्यांना लुटले, हे त्यांनी लपविले नाही. वज्रास इंद्रप्रस्थी बसविल्याचेही सांगितले. बुडालेल्या गावाची कथा अशी माणसांच्या मागे जाऊन सांगावी लागते. आमच्या नव्या गावठाणात मारुतीराय आले, घरेही उभी राहिली. शेजार तेवढा विस्कटला. कोणी नागपूर गाठले, कोणी भंडारा. हेच पाणी कालव्यांनी कोणाच्या धानास जीवन देते, याचे समाधान आहे. तरी अंगण गेल्याचे दुःख त्याने फिटत नाही. दोन्ही खरे आहे, आणि नातवंडांस दोन्ही सांगावयास हवे.

संकल्प सोडताना आपण देश आणि काल यांचा उच्चार करतो. येत्या त्रिपुरी पौर्णिमेस वैनगंगेत दीप सोडताना, वाचकहो, ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांनी आपल्या गावाचे, आळीचे आणि शेजाऱ्यांचे नाव मुलांकडून मोठ्याने वदवून घ्यावे. नकाशावर ते गाव मुलांस सापडणार नाही. मुखी तरी राहावे.