बाहेरच्या फलकांसाठी मोठ्या रुंदीचा प्रिंटर

उन्हापावसात टिकणारे फलक छापण्यासाठी प्रिंटर निवडताना पहिला विचार शाईचा करावा लागतो. छपाई कशावर करता येईल आणि रंग किती काळ तग धरतील, हे मुख्यतः शाईवर ठरते. यंत्राची रुंदी, वेग आणि किंमत यांचा हिशेब त्यानंतर.

या यंत्रांत चार प्रकारच्या शाई रूढ आहेत. सॉल्व्हंट शाईतील द्रावक व्हिनाइलचा पृष्ठभाग किंचित मऊ करतो आणि रंग त्यात घट्ट बसतो. स्वस्त आणि चिवट असल्याने फ्लेक्स छापणाऱ्या दहा फुटी यंत्रांत ती सर्रास वापरली जाते. मात्र तिच्या उग्र वाफा बाहेर काढण्याची सोय हवीच. इको-सॉल्व्हंटचा वास सौम्य आणि छपाई बारीक, म्हणून दुकानांच्या पाट्या व वाहनांवरचे व्हिनाइल यांसाठी ती सोयीची. तिच्यातील द्रावक उडून जाण्यासाठी साधारण एक दिवस थांबूनच लॅमिनेशन करावे लागते. घाई केल्यास चिकटपणा कमी होऊन कडा सुटतात. एचपीने २००८ मध्ये आणलेली लॅटेक्स शाई पाण्यावर आधारित आहे. उष्णतेने ती यंत्रातच वाळते आणि लॅमिनेशन लगेच करता येते; पण वीज जास्त लागते आणि नाजूक माध्यम तापून सुरकुतू शकते. यूव्ही शाई अतिनील दिव्याखाली क्षणात घट्ट होते. फ्लॅटबेड यंत्रावर ती एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचे संमिश्र पत्रे), अ‍ॅक्रिलिक, सनबोर्ड यांवर थेट छापता येते. वाकणाऱ्या माध्यमासाठी मात्र तिचा लवचीक प्रकार घ्यावा, अन्यथा थराला तडे जातात.

पुढचा निकष प्रिंट हेडचा. लहान थेंबाचे हेड बारीक अक्षरे आणि अनुस्वार स्वच्छ उमटवते, मोठ्या थेंबाचे हेड भराभर छापते. रस्त्यापलीकडून वाचायच्या होर्डिंगला अतिसूक्ष्म छपाईची गरज नसते. हाताच्या अंतरावरून वाचायच्या पाटीला असते.

टिकाऊपणा एकट्या प्रिंटरच्या हाती नसतो. उन्हात साधारणतः पिवळा आणि किरमिजी रंग आधी उडतात, म्हणून जुने फलक निळसर दिसू लागतात. अतिनील किरण अडवणारे लॅमिनेशन ही झीज लांबवते. व्हिनाइलमध्ये कॅलेंडर्डपेक्षा (रोलरांतून दाबून बनवलेल्या) कास्ट (द्रवरूपात ओतून बनवलेला) प्रकार कमी आकसतो आणि जास्त वर्षे टिकतो. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या फलकाला आपल्याकडे ऊन अधिक सोसावे लागते; तिथे हलके साहित्य वापरून केलेली बचत लवकरच अंगाशी येते.

शेवटी रोजचा खर्च मोजावा. हेड हा यंत्रातील सर्वांत महागड्या भागांपैकी एक. धूळ, कोरडी हवा आणि बंद पडून राहणे यांमुळे त्याचे नोझल तुंबतात. म्हणून नियमित साफसफाई, स्थिर वीजपुरवठा, चांगले अर्थिंग आणि जवळच मिळणारा तंत्रज्ञ यांना खरेदीच्या किमतीइतकेच महत्त्व द्यावे. सौदा पक्का करण्यापूर्वी नेहमीच्या माध्यमावर नमुना छापून घ्यावा आणि शाई, माध्यम, लॅमिनेशन व देखभाल धरून चौरस फुटाचा दर काढावा. तो दर फलकाच्या अपेक्षित आयुष्याशी ताडून पाहिला, की कोणते यंत्र खरोखर परवडते ते स्पष्ट होते.