झाडांची मालकी कुणाची?

1973 साली मिलानच्या त्रिएनाले प्रदर्शनासाठी फ्रीडेन्सराइश हुंडर्टवासर या ऑस्ट्रियन चित्रकाराने व्हिया मान्झोनी रस्त्यावरच्या खिडक्यांमधून चक्क झाडं वाढवायला घेतली. ही झाडं घरातली भाडेकरू आहेत, असं तो म्हणे. भाडं म्हणून ती सावली आणि स्वच्छ हवा देतात. त्याच शहरात 2014 मध्ये 'बॉस्को व्हर्टिकाले' उभं राहिलं. स्तेफानो बोएरी आणि त्यांच्या भागीदारांनी रचलेले हे दोन निवासी मनोरे. थोरला सुमारे 110 मीटर उंच. गॅलऱ्यांमध्ये मिळून 800 च्या आसपास झाडं, शिवाय हजारोंनी झुडपं.

शंभर मीटरवर झाड लावायचं तर पहिला प्रश्न वाऱ्याचा. वादळात फांदी मोडून खाली रस्त्यावर पडली तर? म्हणून झाडांच्या वाऱ्यापुढच्या वागणुकीची चाचणी आधी मिलानच्या पॉलितेक्निको विद्यापीठात छोट्या प्रतिकृतींवर झाली, मग फ्लोरिडात खऱ्या झाडांवर. रोपवाटिकेत झाडं काही वर्षं आधीपासून खास वाढवली गेली. कुंडीत मुळांचा गड्डा पट्ट्यांनी तळाशी बांधला. मोठ्या आणि मध्यम झाडांच्या बुंध्याला वेगळा पोलादी दोर. झाड मोडलंच, तरी ते खाली कोसळू नये म्हणून. जिथे वारा फार, तिथे मुळांभोवती पोलादी पिंजराच. सव्वातीन मीटर बाहेर आलेल्या गॅलऱ्यांनी हे सगळं वजन पेलायचं, ओल्या मातीसकट.

पण मला या इमारतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट अभियांत्रिकीत सापडत नाही. ती आहे कारभारात. गॅलरी फ्लॅटमालकाची, झाड मात्र सोसायटीचं. ते काढणं, बदलणं, मनाला येईल तसं छाटणं त्याच्या हातात नाही. पाणी ठिबकने एकाच यंत्रणेतून येतं, छाटणी एकाच चमूकडे. हे माळी गच्चीवरून दोराला लटकत एकेक मजला उतरतात, वाळकी फांदी कापतात, दोर तपासतात. इटलीत त्यांना 'उडते माळी' म्हणतात. आपल्याकडे कॉमन पॅसेजमधल्या चार कुंड्यांना पाणी कुणी घालायचं यावरून सभेत किती वाद होतो, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना या व्यवस्थेची किंमत वेगळी सांगायला नको.

ही देखरेख नसली की काय होतं, ते चीनमधल्या छंगदूने दाखवलं. तिथल्या छीयी सिटी फॉरेस्ट गार्डनचे आठ मनोरे, 826 घरं. 2020 मधल्या बातम्यांनुसार घरं सगळी विकली गेली होती, पण राहायला आली होती जेमतेम दहा कुटुंबं. रिकाम्या गॅलऱ्यांत झाडोरा बेफाम माजला आणि डासांचा सुळसुळाट झाला. हिरवाई तीच, फक्त तिच्याकडे बघणारं कुणी नव्हतं.

टीकाकारांचं म्हणणं रास्त आहे: एवढ्या काँक्रीटला आणि पोलादाला पर्यावरणाची किंमत मोजावी लागतेच, आणि मिलानमधली ही घरं श्रीमंतांचीच आहेत. दुसऱ्या आक्षेपाला बोएरींनी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये उत्तर द्यायचा प्रयत्न केला. 2021 मध्ये पूर्ण झालेल्या तिथल्या 'त्रुडो' मनोऱ्यात 125 घरं आहेत, पन्नास चौरस मीटरहून लहान, सामाजिक गृहनिर्माणातली. सुरुवातीला भाड्याला महिना 600 युरोंच्या आसपास कमाल मर्यादा होती. सामान्य भाडेकरूच्या गॅलरीतही झाड. मला हे मिलानच्या मनोऱ्यांहून मोठं काम वाटतं.

पहिल्या आक्षेपाला मात्र मनोऱ्यात उत्तर नाही. कुंडीतल्या झाडाच्या मुळांना कुंडीच्या भिंतीपलीकडे जाता येत नाही. जमिनीतल्या झाडाला ती मोकळीक असते, आणि त्याच्यासाठी वेगळी गॅलरीही ओतावी लागत नाही. मिलानने ते ओळखलं. मनोऱ्यांच्या पायथ्याशी 2018 मध्ये 'बिब्लिओतेका देली आल्बेरी' ही साडेनऊ हेक्टरांची बाग खुली झाली. 2030 पर्यंत महानगर परिसरात तीस लाख झाडं लावण्याचा 'फोरेस्तामी' हा उपक्रमही सुरू आहे, आणि त्यामागे बोएरीही आहेत.