तिसऱ्या गिअरचा चढ

मिस्त्री बॉनेटला हातच लावत नाहीत. आधी गाडी न्यूट्रलला टाकायला सांगतात आणि मागे जाऊन एका हाताने ढकलून बघतात. 1997 ची पांढरी मारुती 800. रिकाम्या गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, आणि खाली सपाट फरशी. एवढ्याने ती सरकायला हवी. सरकत नाही. दोन्ही तळहात लावून रेटल्यावर कुठं वीतभर पुढे जाते.

"हँडब्रेक काढलायस न्हवं?"

"काढलाय की मामा."

"तू काढलायस. त्यानं सोडलेला न्हाई."

पोरगं विशीतलं. आजोबांची गाडी त्याच्याकडे आलीय आणि तिने पळावं एवढीच त्याची इच्छा. मागच्या सीटवर एक खोकं आहे, त्यात लालभडक कोन फिल्टर. तो बसवायचा आणि पुढच्या महिन्यात मोकळा सायलेन्सर, असा बेत. तक्रार एकच आहे. वाघबीळ सोडून पन्हाळ्याचा चढ लागला की गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि मागचे ट्रकवाले हॉर्न मारून जीव नकोसा करतात.

शिवाजी उद्यमनगरातल्या या बोळात दुपारी अडीचला पत्रा तापून निघालाय. शेजारच्या लेथवर काहीतरी कापतंय, त्याचा किरकिराट अखंड चालू आहे. माझी स्कूटर झालीय, पैसेही देऊन झालेत. पण निघवत नाही.

"इंजिन गरम हाय तवर कॉम्प्रेशन बघून घेतो," म्हणत मिस्त्री तिन्ही प्लग काढतात, कॉइलची वायर सोडवून ठेवतात आणि पहिल्या सिलिंडरच्या भोकात गेज बसवतात. पोराला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायला सांगतात. पाचसहा फेऱ्यांत काटा साडेअकरा किलोवर थांबतो. दुसरा अकरा. तिसरा साडेआठ.

पोराचा चेहरा पडतो. "इंजिन उतरवावं लागतंय काय?"

मिस्त्री उत्तर देत नाहीत. चमचाभर ऑइल तिसऱ्या भोकात सोडतात आणि पुन्हा गेज लावतात. रिंग झिजल्या असतील तर ऑइल ती फट तात्पुरती बुजवतं आणि काटा चांगला वर चढतो. इथे तो नऊच्या पुढे जात नाही. म्हणजे रिंग नव्हे, दाब व्हॉल्व्हमधून निसटतोय. इथवर मलाही कळतं. पुढचं मात्र मला नवं आहे.

"टॅपेट वाजत्यात काय तुझी?"

"अजिबात न्हाई. एकदम गप."

"तेच तर. वाजणारं टॅपेट बरं, गप टॅपेट वाईट." हात पुसत ते समजावतात. व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं आदळून आपल्या बैठकीत आत बसत जातो आणि टॅपेटची फट मिटत येते. फट संपली की व्हॉल्व्ह पुरता बंदच होत नाही. आवाज नसल्यामुळे मालक खुशीत असतो, आणि तिकडे तीनपैकी एक सिलिंडर अर्ध्या पगारावर काम करत राहतो. तसंच चालवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते, मग हेड उतरवायचा खर्च. फट थंड इंजिनावर मोजायची असल्याने बॉनेट उघडं टाकून ते मागच्या चाकांकडे वळतात.

डावं मागचं चाक जॅकवर हवेत आहे आणि हाताने फिरवलं तर अर्धा फेराही घेत नाही. ड्रम निघतो. आत काळी भुकटी, शू चकचकीत झालेत, हँडब्रेकची केबल गंजून नळीत अडकलीय. गाडी निदान एक पावसाळा ब्रेक लावूनच हिंडली असणार. चारही टायरांत हवाही कमी. डिकीत पाहावं तर वूफरचा भलामोठा डबा, अॅम्प्लिफायर, एक जुनी बॅटरी आणि पाण्याचे दोन कॅन. मिस्त्री एकेक उचलून बाहेर मांडतात.

"चाळीस किलो तरी हाय. नवी असताना या गाडीला चाळिशीच्या आत हॉर्सपॉवर. त्यातली किती ह्या डब्याला देणार?"

"पण मामा, ह्याच इंजिनावर फॉर्म्युला मारुती पळायची की. रेसच्या गाड्या."

"पळायची. तिला दार हाय? काच हाय? मागं वूफर हाय?"

लेथवाला काम थांबवून हसतो.

आता जे होतं ते बघायला मी खुर्ची पुढे ओढतो. मिस्त्री एअर क्लीनर उतरवतात, कार्ब्युरेटरच्या तोंडात टॉर्च धरतात आणि पोराला पाय तळापर्यंत दाबायला लावतात. "दाबलास?" "पूर्ण दाबलाय." ते मला खुणावून दाखवतात. आतली बटरफ्लाय पाऊणच उघडलीय. केबल सैल पडलेली, वर पेडलखाली जाडजूड नवं मॅटिंग. इतके दिवस पोरगं पूर्ण दाबतंय आणि इंजिनाला पाऊणच हवा मिळतेय. मॅटिंग कापायला दोन मिनिटं, केबलचा नट आवळायला दोन मिनिटं. खर्च शून्य. ज्याच्या त्याच्या तोंडी जेट, कॅम आणि टर्बो असतो. पेडल दाबल्यावर पलीकडे काय उघडतं हे वाकून पाहणारा माणूस मात्र क्वचित भेटतो.

एअर क्लीनरमधला कागदी फिल्टर मातीने भरलाय, तो फेकायचाच. तेव्हाच पोरगं कोन फिल्टर पुढे करतं. मिस्त्री तो हातात घेतात, फिरवून बघतात, बरा आहे म्हणतात आणि परत देतात. 796 सीसीचं इंजिन पाच हजार आरपीएमला मिनिटाला दीड हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. तेवढी नव्या साध्या फिल्टरमधून सहज जाते. उघडा कोन मात्र बॉनेटखालची, रेडिएटरवरून आलेली हवा ओढणार. बाहेर 35 अंश आणि आत 60 असली तर ती सातआठ टक्क्यांनी विरळ. "आवाज येतोय तेवढाच. आवाजानं वाटतंय गाडी पळाली."

सायलेन्सरचा विषय एका वाक्यात संपतो. असले सायलेन्सर पोलीस काढून घेतात आणि रोलरखाली घालतात.

कार्ब्युरेटर टेबलावर येतो. फ्लोट चेंबरच्या तळाशी तपकिरी चिकट थर, आणि अॅक्सिलरेटर पंपाचा रबरी पडदा वाळून ताठ झालेला. पाय दाबताक्षणी गाडी एकदा दचकते ती यामुळे. पडदा फक्त रबर म्हातारं झालं म्हणून गेलाय असं मिस्त्री मानत नाहीत. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि 1997 चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. शिवाय हे पेट्रोल टाकीतली जुनी घाण सोडवून पुढे ढकलतं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोनतृतीयांश, म्हणजे या मिश्रणात सहासात टक्क्यांची घट आलीच. वर त्यात मुळात ऑक्सिजन असतो. नव्या गाडीचा सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरचं जेट मात्र पितळेचं एक भोक, त्याला काय कळणार? मिश्रण पातळ पडतं आणि चढावर इंजिन तापून दम सोडतं.

"इथेनॉल उसाचंच. ऊस कुणाचा? तुमचाच," मिस्त्री पोराला म्हणतात. "कारखान्याचं बिल घ्यायला बरं वाटतंय न्हवं?"

पोराच्या घरचा ऊस खरंच कारखान्याला जातो. ते गप्प बसतं.

किट नवं पडतं, पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, आणि मेन जेट एक नंबर मोठं. जुनं जेट सुईने कोरून मोठं करायचा सल्ला पोराला कुणीतरी दिलाय. तो ऐकून मिस्त्री पहिल्यांदाच चिडतात. कोरलेल्या भोकाचं माप पुन्हा कुणालाच कळत नाही.

साडेचारला इंजिन थंड आहे. व्हॉल्व्ह कव्हर निघतं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला सगळ्यात पातळ फीलर पानही शिरत नाही. स्क्रू सैल करायचा, पान घालायचं, नट आवळायचा, पुन्हा पान ओढून बघायचं, कारण आवळताना फट हलते. सहा व्हॉल्व्हना अर्धा तास लागतो आणि या अर्ध्या तासात बोळात कुणी त्यांच्याशी बोलत नाही.

मग डिस्ट्रिब्युटर. व्हॅक्यूम अॅडव्हान्सची नळी काढून ते सरळ तोंडाने ओढतात आणि आतली प्लेट सरकते का बघतात. सरकते. तेवढे पैसे वाचले. नवे तीन प्लग, नवी एचटी वायर, रोटर घासून साफ. गाडी सुरू करून, टायमिंग लाइट लावून खूण जुळवतात. ती मागे पडलेली होतीच.

इंजिन तापल्यावर पुन्हा गेज लागतो. तिसरा सिलिंडर साडेदहा. पलीकडच्या पीयूसीवाल्याकडे गाडी नेतात. 2000 सालापूर्वीच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के, स्क्रीनवर 3.4. पोरगं मोठ्या जेटला दोष देतं. मिस्त्री मान हलवतात. ही चाचणी आयडलवर होते, तिथे मेन जेट कामच करत नाही. आयडलचा स्क्रू पाव फेरा आत जातो आणि आकडा 2.3 वर येतो.

"आता वाघबीळ," मिस्त्री म्हणतात आणि माझ्याकडे वळतात. "तुम्ही बी बसा की मागं. चाचणीला वजन पाहिजेच."

शिवाजी पूल, केर्ली. संध्याकाळची गर्दी, मध्येच उसाचा रिकामा ट्रॅक्टर. पोरगं उगाच गिअर बदलायला बघतं, मिस्त्री हाताने थांबवतात. चढ सुरू होतो. तिसरा गिअर, काटा चाळीसवर. पहिल्या वळणावर तो पस्तीसपर्यंत उतरतो आणि तिथेच टिकतो. दुसऱ्या वळणावर पोराचा हात सवयीने गिअरवर जातो.

"ऱ्हाऊ दे. दाब."

ते दाबतं. काटा हळूहळू पुन्हा चाळीसवर येतो. गाडी उडत वगैरे नाही. मागून आलेली एक जीप आम्हाला आरामात मागे टाकून जाते. पोरगं तरी हसतंय. गेलं बळ परत आलंय, नवं काही आलेलं नाही, हे त्याला सांगायच्या भानगडीत मिस्त्री पडत नाहीत. वर गाडी वळवून ते स्वतः चालवायला बसतात आणि पहिल्याच उतारावर ब्रेक दाबतात. पेडल अपेक्षेपेक्षा खाली जातं. दुसऱ्यांदा दाबल्यावर थोडं वर.

"ब्रेक ऑइल कवा बदललंयस?"

"आजोबांनी बदललं आसल."

"सोमवारी सकाळी नऊला गाडी लाव. तवर पन्हाळा न्हाई, जोतिबा बी न्हाई." मिस्त्री दुसरा गिअर टाकतात आणि इंजिनाच्या ओढीवर गाडी सावकाश खाली आणतात.