चिमणा आवाज येतो कुठून?

मुलांनो, वाचता वाचता एक गंमत करा. एकच सूर धरून 'आ' म्हणा. श्वास न तोडता 'ई'वर जा, मग 'ऊ'वर. सूर तोच, तरी आवाज तीन तऱ्हांचा! गळ्यातले स्वरतंतू मात्र एकाच वेगाने थरथरत होते. तुमच्या वयाला सेकंदाला साधारण 250 ते 300 वेळा. बदलला तो घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीचा आकार. स्वरतंतूंतून एकाच वेळी अनेक सूर निघतात, काही जाड, काही बारीक. त्यातले काही सूर ही पोकळी उचलून धरते, काही दाबून टाकते. तुमची हाक आईला न बघता ओळखू येते, ती बरीचशी या निवडीमुळे.

आता पोकळी तीच ठेवून आतली हवाच बदलली तर?

असा एक छोटा प्रयोग परभणीचं हवामान दरवर्षी करतं, बासरीवर! कडाक्याच्या थंडीत इथे पारा 5 अंशांपर्यंत घसरतो, मे महिन्यात 44 च्या घरात जातो. 5 अंशाला आवाज सेकंदाला सुमारे 334 मीटर धावतो, 44 अंशाला 357 मीटर. आवाज जितका जलद, तितकी बासरीतली लहर लवकर परत फिरते आणि सूर चढतो. म्हणूनच थंडीत वादक आधी फुंकर घालून बासरी गरम करून घेतात.

हवा गरम-थंड न करता तिच्या जागी दुसराच वायू आला तर? हेलियम वायू हवेच्या सातपट हलका. त्यात आवाज सेकंदाला जवळजवळ 1000 मीटर धावतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा तिप्पट! तो तोंडात भरला की पोकळी जाड सूर सोडून बारीक सूर उचलते आणि भारदस्त माणूसही चिमणीसारखा बोलू लागतो. स्वरतंतू वेगाने हलू लागतात असं पुष्कळांना वाटतं, पण ते जवळपास पूर्वीसारखेच हलत असतात. सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू हवेच्या पाचपट जड. त्याने उलट आवाज घोगरा, राक्षसासारखा होतो.

या हेलियमची पहिली खूण सापडली ती सूर्याच्या प्रकाशात, एका पिवळ्या रेषेच्या रूपात. साल होतं 1868. त्या वर्षी 18 ऑगस्टला भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं. विजयदुर्ग किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' त्याच ग्रहणाची आठवण सांगतात. पृथ्वीवर मात्र हा वायू शास्त्रज्ञ विल्यम रॅमसे यांच्या हाती लागला तो 1895 मध्ये.

खोल समुद्रात काम करणारे पाणबुडे हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण श्वासात घेतात. त्यांचं बोलणं इतकं चिरकं होतं की ते समजून घ्यायला जहाजावर खास यंत्र लागतं!

पाणबुड्यांच्या मिश्रणात ऑक्सिजन मोजून घातलेला असतो, गॅसच्या फुग्यात तो नसतो. नुसता हेलियम ओढला तर काही क्षणांत भोवळ येते, जीवही जाऊ शकतो. सिलिंडरला तोंड लावलं तर दाबाने फुप्फुसं फाटतात. शिवाय जत्रेतल्या फुग्यात कित्येकदा हायड्रोजन असतो, आणि तो भडकन पेटतो. फेब्रुवारीत परभणीच्या उरुसात गॅसचा फुगा जरूर घ्या, दोरी घट्ट धरा, पण त्यातला वायू कधीही तोंडात घेऊ नका, आणि धाकट्या भावंडांनाही घेऊ देऊ नका.