बंदिस्त कपाटातील संगणक आणि उन्हाळा

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठी ऊस डोलत असला, तरी येथील उन्हाळा कडकच असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो आणि वारा सुटला की धुळीचे लोट उठतात. नेमक्या याच दिवसांत ग्रामस्थांची कागदपत्रांची निकडही वाढते. खरिपाच्या पीककर्जासाठी सात-बारा उतारा हवा असतो, तर मुलांच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा वा जातीचा दाखला हवा असतो.

राज्यातील ग्रामपंचायतींत २०११ पासून 'संग्राम' प्रकल्पाद्वारे संगणकीकरणास चालना मिळाली व २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्रे' सुरू झाली. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकांचा हक्क ठरला आहे. अशा वेळी भर दुपारी संगणक बंद पडला, तर दाखल्यासाठी आलेल्या शेतमजुराचा दिवसाचा रोजगार बुडतो.

संरक्षणातून उद्भवणारा धोका

धूळ, उंदीर व चोरी यांपासून संगणकाचे रक्षण व्हावे, म्हणून तो लाकडी कपाटात किंवा बंद खणाच्या टेबलात ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. हेतू योग्यच आहे. तथापि, कपाटाचे दार लावलेले आणि पाठ भिंतीला टेकलेली असल्यास आतील उष्णतेला वाट उरत नाही. संगणकाने बाहेर टाकलेली गरम हवाच तो पुन्हा आत ओढू लागतो.

संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सर्वच अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. १०० वॅट वीज घेणारा संगणक म्हणजे कपाटात अखंड तेवत असलेला १०० वॅटचा जुना दिवाच होय. साधारण आकाराच्या बंद लाकडी कपाटात एवढ्या उष्णतेने आतील तापमान खोलीपेक्षा सुमारे २० अंशांनी वाढू शकते. खोलीतच ३८ अंश असल्यास आतील हवा ६० अंशांच्या घरात जाईल. बहुतेक कार्यालयीन संगणक मात्र सुमारे ३५ अंशांपर्यंतच्या सभोवतालासाठी बनविलेले असतात. तापमान मर्यादेबाहेर गेले की प्रक्रियक स्वतःच गती मंदावतो आणि शेवटी यंत्र बंद होते.

कांद्याच्या चाळीचा धडा

यावरील उपायाचे तत्त्व या भागातील शेतकऱ्यांना नवे नाही. साठवलेला कांदाही श्वसनामुळे उष्णता बाहेर टाकतो. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून उंच ठेवतात आणि तळाशी व बाजूंना फटी राखतात. थंड हवा खालून शिरते व गरम हवा वरून निघून जाते. संगणकाच्या कपाटालाही हेच लागू आहे.

हिशेब सोपा आहे. आतील हवा खोलीपेक्षा १० अंशांहून अधिक तापू नये असे वाटत असेल, तर १०० वॅटसाठी दर मिनिटाला सुमारे अर्धा घनमीटर हवा बदलली पाहिजे. पाव घनमीटरच्या कपाटातील सर्व हवा म्हणजे मिनिटातून दोनदा बदलावी लागते.

करावयाची व्यवस्था

सर्वांत सोपा उपाय म्हणजे कपाटाची मागील फळी काढून टाकणे व कपाट भिंतीपासून १० ते १५ से. मी. दूर ठेवणे. चोरीच्या भयाने फळी काढता येत नसेल, तर पुढून तळाशी आणि मागून माथ्याशी प्रत्येकी ३०० ते ४०० चौ. से. मी. मोकळी जागा राहील अशी भोके पाडावीत व त्यांवर बारीक तारेची जाळी ठोकावी. ही जागा कमी पडत असल्यास माथ्याच्या भोकाशी हवा बाहेर फेकणारा १२ से. मी. चा छोटा पंखा बसवावा. त्यास केवळ दोन-तीन वॅट वीज लागते. खालच्या भोकावर धूळ अडविणारी गाळणी लावावी व ती उन्हाळ्यात दर आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवावी.

विद्युत साठ्याची यू. पी. एस. पेटी कपाटाबाहेर ठेवावी. तिच्यातील शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २५ अंशांवर दर १० अंशांच्या वाढीमागे जवळजवळ निम्मे होते.

मात्र पंखा हवा थंड करीत नाही. तो ती केवळ बदलतो. कपाटातील हवा खोलीपेक्षा थंड होणे त्यामुळे शक्य नाही. म्हणून पत्र्याच्या छपरास पांढरा चुना देणे, पश्चिमेकडील खिडकीस पडदा लावणे हे उपायही जोडीने करावेत. पाण्यावर चालणाऱ्या कूलरचा दमट झोत मात्र थेट संगणकावर सोडू नये.

दुपारी यंत्र मंदावणे, त्याच्या पंख्याचा आवाज वाढणे आणि कपाटाचा माथा हाताला गरम लागणे या उष्णता साचल्याच्या खुणा होत. त्या दिसताच दार उघडावे व वरील व्यवस्था करून घ्यावी. गावातील सुताराकडून अर्ध्या दिवसात होणारे हे काम मे महिन्यापूर्वी उरकल्यास ऐन गर्दीच्या दिवसांत ग्रामस्थांना रिकाम्या हाताने परतावे लागणार नाही.