खाशाबांचा जमाखर्च

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापूरच्या मार्केट यार्डात नव्या गुळाचे सौदे मुहूर्ताने निघतात आणि पेढ्यांवर नव्या वह्यांची पूजा होते. व्यापारी माणूस वर्षातून एकदा तरी काय आले, काय गेले, हे डोळे उघडून पाहतो. आम्ही शिकली-सवरलेली माणसे मात्र फराळाचा हिशेब ठेवतो, आयुष्याचा ठेवायला विसरतो. हे मला एका विद्यार्थ्याने शिकवले. शिकवायला मी बसलो होतो, ही त्यातली गंमत!

गेल्या सहामाहीच्या शेवटी तो घरी आला. पन्हाळा तालुक्यातला, बी. ए. च्या तिसऱ्या वर्षाचा, अक्षर मोत्यासारखे. चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाला, "सर, पुण्याला जावं म्हणतोय. दोन वर्षं एमपीएससीचा क्लास लावतो. वडील अर्धा एकर गहाण टाकायला तयार हायेत."

त्यांची एकूण जमीन दीड एकर. माझ्या पोटात गोळा आला. मी विचारले, "तयारी कधीपासून करतोस?"

"दोन वर्षं झाली की, सर. रोज अभ्यासिकेत जातो."

"जुन्या प्रश्नपत्रिका किती सोडवल्यास? घड्याळ लावून?"

तो कपाकडे पाहू लागला. एकही नाही! दोन वर्षे मुलगा रोज जात होता, पण आपण पोहोचलो कुठे, हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. वाचकहो, त्याला हसू नका. आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे?

अशा वेळी कोल्हापूरचा माणूस तालमीतले उदाहरण देतो. मीही खाशाबा जाधवांची गोष्ट काढली. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे हे मल्ल येथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. कराडजवळच्या गोळेश्वरचे. पदकाची गोष्ट पोराला ठाऊक होती. मी त्याला त्याच्या आधीची चार वर्षे सांगितली.

१९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांचे वय बावीस. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. सगळा सराव तांबड्या मातीतला, आणि तिथे कुस्ती मॅटवर. मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की निकाल; तिथे पाठ लागली नाही तरी गुणांवर हार-जीत ठरते. अशा परक्या आखाड्यात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले, परंतु इराणच्या मल्लापुढे हार झाली. ५२ किलोच्या फ्लायवेट गटात सहावा क्रमांक आला.

"आता तू सांग," मी म्हटले, "हा सहावा नंबर कोणत्या बाजूला लिहायचा? जमेला की खर्चाला?"

तो गोंधळला. मी कागदावर तीन रकाने आखले. पहिल्यात, हाती काय आहे. अंगातली चपळाई, जगातल्या पहिल्या सहांत बसण्याइतकी ताकद. दुसऱ्यात, काय कमी आहे. मॅटची सवय, तिथल्या नियमांची जाण. तिसऱ्यात, जे आपल्या हातात नाही, ते. "हरलो" एवढाच शब्द लिहून वही मिटली असती, तर पुढचे काही घडले नसते; आणि "सहावा आलो" म्हणून नुसते फेटे बांधून घेतले असते, तरी घडले नसते.

चार वर्षांनी ते हेलसिंकीला उतरले ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात. या वेळी खर्चाची बाजू कठीण होती. गावच्या लोकांनी वर्गणी दिली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरले. जपानच्या इशीशी झुंज लांबली आणि ती खाशाबांनी गमावली. पुढे सुवर्णपदक त्याच इशीला मिळाले. त्यानंतर पुरती विश्रांती न मिळता रशियाच्या मल्लाशी उभे राहावे लागले. नियमाने अर्ध्या तासाची सवड मिळायला हवी होती, पण त्यांच्या बाजूने बोलायला आपला अधिकारी तिथे हजर नव्हता. २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक मिळाले. अर्धा तास मिळता तर काय झाले असते, हा तिसऱ्या रकान्यातला मजकूर! तो लिहावा, पण त्याच्यापाशी बसून राहू नये.

मुलगा गप्प होता. मग त्याने नेमका मुद्दा धरला. "म्हणजे सर, खर्डेकर सरांनी घर गहाण टाकलं, ते बरोबर, आणि माझ्या वडलांनी जमीन टाकली, तर चूक?"

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "चूक-बरोबर मी कोण ठरवणार? पण खर्डेकरांपुढे लंडनचा सहावा नंबर होता. तू वडलांपुढे काय ठेवतोस, ते बघ. आधी तुझे लंडन होऊ दे."

आणखी एक सांगितले. आपल्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला रायफल नेमबाजीत कांस्यपदक जिंकले, तेव्हा तो रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करीत होता. ध्येयासाठी पोटापाण्याचा दरवाजा बंदच करावा लागतो, असे नाही. खाशाबांनीही १९५५ साली पोलीस खात्यात नोकरी धरली. पदकाने घर चालले नाही. अर्जुन पुरस्कार आला तोही १९८४ साली अपघातात ते गेल्यानंतर कित्येक वर्षांनी. ध्येय गाठले म्हणजे जग पायघड्या घालते, असे मी त्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगणार?

निघताना त्याने उंबऱ्यात थांबून विचारले, अगदी अदबीने, "सर, तुमची सेट झाली का हो?"

घरात एकदम शांतता पसरली. आतून पळीचा आवाजही थांबला.

सांगतो. मी मराठीचा एम. ए. चाळिशी ओलांडली, अजून तासिका तत्त्वावर शिकवतो. महिन्याचे तास मोजून मानधन मिळते, तेही पुष्कळदा उशिरा. सेट परीक्षा दोनदा दिली. दुसऱ्यांदा थोड्या गुणांनी हुकली. त्यानंतर दर जूनमध्ये "यंदा नक्की" म्हणत आलो. कारणे खरी होती. वडिलांचे आजारपण, मुलीची शाळा, शिकवण्या. पण ती सारी तिसऱ्या रकान्यात लिहून मी दुसरा रकाना कोरा ठेवला होता. कोणत्या पेपरात गुण गेले, हे आजतागायत पाहिले नव्हते. मग त्या पोरात आणि माझ्यात फरक काय?

"नाही झाली," एवढेच मी त्याला म्हणालो. त्याने मान हलवली. त्यात उपहास नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले.

चार दिवसांनी तो परत आला. तीन वर्षांच्या पूर्वपरीक्षेच्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवल्या होत्या. इतिहास बरा, भूगोल बरा, गणित आणि बुद्धिमापन चाचणीत मात्र दाणादाण! त्याचा चेहरा उतरला होता. पण मला तो कागद फार मोलाचा वाटला. दोन वर्षांत प्रथमच त्याला आपले दुखणे नेमके कुठे आहे, ते कळले होते. त्याने ठरवले की जूनपर्यंत रोज दोन तास गणित, दर रविवारी एक प्रश्नपत्रिका, आणि पदवी हाती येईपर्यंत जमीन गहाण नाही. जूननंतर पुन्हा हिशेब. तो पास होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण अर्धा एकर आज तरी सातबाऱ्यावर मोकळा आहे.

पाडव्याला ओवाळून झाल्यावर सौभाग्यवतींनी ओवाळणीऐवजी माझ्यापुढे एक कोरी वही ठेवली. पहिल्या पानावर तीन रकाने पट्टीने आखलेले. "सेटला वयाची अट नसते म्हणे," त्या म्हणाल्या, आणि चिवड्याची बशी सरकवून आत गेल्या.

मधला रकाना भरायला मला रात्रीचे साडेअकरा वाजले.